कुंजन्नाची झोप

पांढऱ्या दोऱ्याची सहा रिळं आणि झग्याच्या बटणांचं एक पाकीट, एवढंच एलीला हवं होतं. दुकान नेहमीचं होतं, पण गल्ल्यावर म्हातारा वर्की नव्हता. त्याची नवी सून होती, आणि नव्या सुनांना असतो तसा तिला गिऱ्हाइकाशी बोलायचा उत्साह होता. तिनं रिळं कागदात बांधली, वर बटणांचं पाकीट ठेवलं, आणि त्यावर एक छोटं कार्ड ठेवून पुडकं एलीपुढे सरकवलं. "हे राहू दे तुमच्याजवळ, चेची," ती म्हणाली. आजीच्या वयाच्या बाईलाही ताई म्हणणं हा दुकानदारीचाच भाग होता. "काही अडचण असेल तर ह्या सिस्टरना सांगून बघा. फार लवकर ऐकतात. माझ्या भावाचा व्हिसा दोन वर्षं अडला होता, तीन दिवसांत आला. काही करावं लागत नाही, नुसती हाक मारायची." एलीनं कपाळावरचा चष्मा खाली घेतला. कार्डावर तिची बहीण होती.

फोटो ओळखीचा होता आणि नव्हताही. कुंजन्नाच्या डाव्या गालावरचा मस कुणीतरी पुसून टाकला होता. ओठांचे कोपरे जरा वर ओढले होते, आणि पंचविशीपासून तिच्या डोळ्यांखाली असलेली काळी वर्तुळं साफ नाहीशी केली होती. अडतीस वर्षं मातीखाली राहून बाई ताजीतवानी झाली होती. फोटोखाली 'देवाची सेविका सिस्टर फेब्रोनिया' असं छापलेलं, आणि प्लास्टिकच्या आत नखाएवढा पांढरा कापडाचा तुकडा, सिस्टरच्या वस्त्रातला म्हणून घातलेला. एलीचा जन्म पाद्र्यांचे झगे शिवण्यात गेला होता. तो तुकडा टेरिकॉटचा आहे हे तिला बोट न लावता कळलं. कुंजन्ना आयुष्यभर सुती नेसली. पण तेही चालण्यासारखं होतं. मग तिनं कार्ड उलटलं. मागे ठळक अक्षरांत दोन ओळी होत्या, सिस्टरचे शेवटचे शब्द म्हणून: 'मी तिकडे स्वस्थ बसणार नाही. हाक मारा, मी येईन.' हे शब्द कुंजन्नाचे नव्हते. ते एलीचे होते. पलंगापासून दारापर्यंत नऊ-दहा पावलं असतील, तेवढ्या वेळात तिनं ते जुळवले होते. ती सुनेला "बरं" म्हणाली आणि पुडकं पिशवीत टाकून बाहेर पडली.

त्रिशूरचा राउंड, गावामधला गोल रस्ता, अकराच्या उन्हात पांढराफटक पडला होता. सोन्याच्या दुकानांच्या पाट्यांवर गळाभर दागिने घातलेल्या नवऱ्या हसत होत्या, आणि एली त्यांच्याखालून पाय ओढत चालली होती. तिला कंटाळा आला होता. घाबरण्याच्या पलीकडचा, हाडांत उतरलेला कंटाळा. सोमवारी बिशपच्या घरी साक्षीला जायचं होतं. कुंजन्नाला संत ठरवण्याचं काम सुरू होऊन दोन वर्षं झाली होती आणि आता साक्षीदारांची पाळी आली होती. त्या कामावर नेमलेले फादर डेविस मागच्या आठवड्यात घरी येऊन सगळं समजावून गेले होते. तरुण, चटपटीत माणूस, बोलता बोलता फोनकडे बघणारा. "एलीश्वा चेची, भ्यायचं काही नाही. तीन जण असतात. ते विचारतील, तुम्ही आठवेल ते सांगायचं. आधी शुभवर्तमानावर हात ठेवून शपथ घ्यायची, बस." शपथ कशाला, असं तिनं विचारलं. "सगळं रोमला जातं ना. तिथं शपथेशिवाय कागदाला कुणी हात लावत नाही. आणि बघा, सिस्टरच्या कष्टांना, सेवेला, सगळ्याला आमच्याकडे साक्षीदार आहेत. फक्त ते शेवटचं वाक्य तेवढं तुमच्याकडून हवं. खोलीत तुम्ही एकट्याच होतात. आणि खरं सांगू का, लोक त्या वाक्यासाठीच येतात. शुक्रवारी जाऊन बघा त्यांच्या थडग्यावर, पाय ठेवायला जागा नसते." निघताना ते म्हणाले, "आत काय बोललात ते नंतर बाहेर कुणाला सांगायचं नाही, त्याचीही शपथ असते. नवऱ्यालाही नाही." ओसरीवर बसलेला लोनप्पन त्यावर म्हणाला, "मला ती तशीही काही सांगत नाही, फादर. तुमचं काम सोपं आहे." फादर हसले. एलीनं त्यांच्यासमोरचा चहाचा कप उचलला, तर तो अजून निम्मा भरलेला होता.

लहानपणापासून तिनं हेच ऐकलं होतं की चांगला माणूस मेला म्हणजे सुट्टीवर जात नाही. त्याचं इथलं काम तिथून चालू राहतं, उलट जोरात चालतं, कारण तिथं अंग आड येत नाही. धर्मशिकवणीच्या वर्गात चर्चची घंटा वाजवणारा कप्यार मत्तायी हे सांगायचा आणि मुलं माना डोलवायची. एलीनंही डोलावली होती. ते तिला कधी खोटं वाटलं नाही, आजही वाटत नव्हतं. प्रश्न एवढाच होता की ज्या बाईला इथं सोळा वर्षं कुणी सलग चार तास झोपू दिलं नाही, तिला तिथंही हाकांवर हाका मारायच्या हे देवाला बरं दिसतं का. कुंजन्नाचं काम असं की मरणाऱ्यांजवळ बसायचं. सरकारी दवाखान्यात, कालव्याकाठच्या खोपटांत, बसस्टँडच्या मागे, जिथं जिथं कुणी एकटं मरत असेल तिथं ही छत्री घेऊन हजर. हात धरून बसायची. प्रार्थना म्हणायचीच असं नाही, हिंदू असला तर त्याच्या देवाचं नाव घ्यायची, मुसलमान असला तर त्याच्या. कॉन्व्हेंटची घंटा वाजायची, दारावर कुणीतरी उभं असायचं, "सिस्टर, आमच्या शेजारचा म्हातारा..." आणि कुंजन्ना निघायची. तिच्या हृदयाची झडप लहानपणीच्या तापानं खराब झाली होती, हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. ते कळलं तेव्हा सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

एकोणीसशे एक्क्याऐंशी साल, ऑगस्ट महिना. पलंग खिडकीजवळ होता आणि खिडकीबाहेर कुणीतरी फणस चिरत होतं, त्याचा वास खोलीभर. एली अठ्ठावीस वर्षांची होती, लग्नाला दोन वर्षं झालेली, पोटी मूल नाही. कुंजन्ना छत्तीसची. तिचे पाय सुजून मडक्यासारखे झाले होते आणि श्वास घेताना ती तोंड उघडायची. मदर आणि इतर सिस्टर बाहेर जपमाळ म्हणत होत्या. अम्मच्ची, त्यांची आई, गावाहून निघाली होती, बस वाटेत बंद पडली होती, ती अजून पोचली नव्हती. दुपारी तीनच्या सुमाराला कुंजन्नानं डोळे उघडले, एलीचं मनगट पकडलं आणि अगदी स्वच्छ आवाजात, घरी बोलायची तशी, म्हणाली, "एली, मी फार थकलेय गं. आता कुणीही हाक मारली तरी मी उठायची नाही. अम्मच्चीनं मारली तरी नाही." मग तिनं कूस बदलली, भिंतीकडे तोंड केलं, आणि गेली. देवाचं नाव नाही, मारियेचं नाव नाही. जन्मभर दुसऱ्यांना शेवटी काय म्हणावं ते सांगणारी बाई, स्वतःच्या वेळी एवढंच म्हणून मोकळी झाली. एली उठून, बाहेर काय सांगायचं ते मनात जुळवत दाराकडे निघाली आणि दार उघडलं तर समोर अम्मच्ची उभी. धापा टाकत, पायांना चिखल, हातात केळीच्या पानात बांधलेलं काहीतरी. तिच्या मागे मदर. अम्मच्चीनं लेकीच्या पाठमोऱ्या देहाकडे पाहिलं आणि सगळं ओळखलं. रडलीसुद्धा नाही. एवढंच विचारलं, "काय म्हणाली? माझ्यासाठी काही म्हणाली का?" ह्या प्रश्नाला खरं उत्तर देईल अशी मुलगी कुठल्या आईच्या पोटी जन्मत असेल तर एलीला ती बघायची होती. ती म्हणाली, "तुझंच नाव घेतलं. म्हणाली, मी तिकडे स्वस्थ बसणार नाही. हाक मारा, मी येईन." म्हणजे कुंजन्ना जे म्हणाली तेच, फक्त अस्तर बाहेर काढून उलटं शिवलेलं.

अम्मच्ची त्या वाक्यावर चौदा वर्षं जगली. सकाळी कोंबड्या सोडताना हाक मारायची, पाऊस लांबला की मारायची, जिरं हरवलं की मारायची, आणि मसाल्याच्या डब्यामागे जिरं सापडलं की शेजारणीला सांगायची, माझी कुंजन्ना आली होती. एलीला तेव्हा वाटायचं, एवढ्याशा खोट्यानं एवढं सुख मिळतंय तर असू दे. पण एखादी सिस्टर गेली की मदर तिच्याविषयी चार पानं लिहून सगळ्या कॉन्व्हेंटांना पाठवते अशी रीत आहे, आणि मदरनं ते वाक्य शेवटच्या पानावर घातलं. तिथून ते कुठं कुठं गेलं ते कुणाला सांगता यायचं नाही. कालव्याकाठच्या एका कोळणीचा नवरा सुधारला. एका मास्तरांना दिसू लागलं. थडग्यावर मेणबत्त्या आल्या, मग छप्पर आलं, मग दानपेटी आली. आणि लोक एलीकडे येऊ लागले. झगा शिवायला टाकण्याच्या निमित्तानं, कधी निमित्तावाचूनही. "तुम्ही सख्खी बहीण, तुमचं ती मोडणार नाही. आमच्या पोरीचं तेवढं तिच्या कानावर घाला." एली मशीनवरून मान न उचलता म्हणायची, "घालते." इतकी वर्षं ती "घालते" म्हणत आली आणि एकदाही घातलं नाही. एकाचंही नाही. लोकांची कामं होत होती ती तिच्यावाचून. तिनं एकच केलं. आपण जिचं वाक्य चोरलं तिला निदान आपण तरी उठवायचं नाही, असं ठरवलं आणि ते पाळलं. स्वतःचं मूल मरत होतं तेव्हासुद्धा पाळलं.

जिन्सी. लग्नाला सात वर्षं झाल्यावर आलेली, बापासारखी लांब बोटांची. बारा वर्षांची होती. एका शनिवारी शाळेतून डोकं दुखतंय म्हणत आली आणि सोमवारी तिला आईबाप ओळखू येईनात. मेंदूज्वर. अकरा दिवस. त्या अकरा दिवसांतलं एलीला सगळं आठवत नाही. वॉर्डातल्या पंख्याचा आवाज आठवतो, जिन्सीच्या पायाची कोमट टाच आठवते, आणि लोनप्पन आठवतो. तो चर्चच्या बँडात क्लॅरिनेट वाजवायचा, पेरुन्नाळच्या, चर्चच्या जत्रेच्या दिवसांत सगळ्या परगण्यात त्याला मागणी असायची. ते अकरा दिवस तो वॉर्डात बसला नाही. कुंजन्नाच्या थडग्यावर गुडघे टेकून बसला. सकाळी जायचा, संध्याकाळी यायचा, गुडघ्यांची सालं गेलेली, डोळ्यांत चमक. "ती म्हणालीय ना, हाक मारा म्हणून," तो म्हणायचा. "सख्ख्या भाचीसाठी येणार नाही असं होईल का? तूच ऐकलंयस." एली मान हलवायची. त्याला सांगायचं तिच्या जिभेवर रोज यायचं. पण त्याच्याजवळ दुसरं काही उरलंच नव्हतं, आणि जो माणूस एका दोरीला लोंबकळतोय त्याला दोरी कुठं बांधलीय ते सांगायचं धैर्य तिला झालं नाही. पोरगी बरी झाली की सांगू, असं तिनं ठरवलं. बाराव्या दिवशी पोरीला पांढऱ्या फ्रॉकमध्ये शवपेटीत ठेवलं. पहिल्या कम्युनियनच्या विधीचा फ्रॉक, तो आखूड झाला होता. एलीनं सकाळी सकाळी त्याची दुमड उसवून खाली सोडली, आणि ते काम करताना तिला बरं वाटलं, ह्याची तिला आजही लाज वाटते.

लोनप्पन त्यानंतर कधी त्या थडग्यावर गेला नाही. बँडात वाजवत राहिला, दात पडेपर्यंत. पण मिरवणूक कॉन्व्हेंटच्या फाटकाशी आली की तो तोंडातलं क्लॅरिनेट काढायचा आणि फाटक मागे पडलं की पुन्हा लावायचा. बँडमास्तरनं एक-दोनदा टोकलं, मग सोडून दिलं. एलीला तो एका शब्दानं बोलला नाही. फक्त कधी कधी, कुणाची तरी बातमी आली की अमक्याचं काम सिस्टरनं केलं, तर तो पेपरातून डोकं न काढता म्हणायचा, "बाहेरच्यांची कामं चांगली करते तुझी बहीण." तेवढंच. ते एवढंसं वाक्य एली एकवीस वर्षं गिळत होती. ह्या माणसानं देवावर राग धरला नाही, डॉक्टरवर धरला नाही. जिनं कधी काही कबूलच केलं नव्हतं तिच्यावर धरला. आणि ते कबूल कुणी केलं होतं हे एलीला ठाऊक होतं.

आता तिच्यापुढे सोमवार होता. शुभवर्तमानावर हात ठेवून खोटं बोलायचं तर ते पाप कुठल्या पाद्र्याला सांगणार, अर्ध्या पाद्र्यांची मापं तिच्या वहीत होती. खरं बोलायचं तर शुक्रवारी थडग्यावर पाय ठेवायला जागा नसते ती सगळी माणसं, वर्कीच्या सुनेचा भाऊ, कोळणीचा नवरा, त्या सगळ्यांच्या हातातली दोरी सोडवायची. आणि खरं आत बोलून झालं की मग लोनप्पनला कधीच सांगता येणार नव्हतं. शुक्रवार, शनिवार, रविवार ती शिवत राहिली. एकाच झग्याची बाही तीनदा लावली आणि तीनदा उसवली.

सोमवारी सकाळी लोनप्पन अंगणात खांबाला आरसा टांगून दाढी करत होता. एली मागच्या पायरीवर बसली. तोंड दिसत नसलेल्या माणसाशी बोलणं तिला सोपं गेलं. "अहो, एक सांगायचंय. आत्ताच सांगते, नंतर सांगता येणार नाही." तो म्हणाला, "बोल की, कान उघडेच आहेत." तिनं सांगितलं. फणसाच्या वासापासून सुरुवात केली, कारण मधूनच कुठून सुरू करावं ते तिला कळेना. लोनप्पनचा वस्तरा गालावर थांबला. "काय म्हणाली म्हणालीस?" "फार थकलेय म्हणाली. कुणीही हाक मारली तरी उठणार नाही. अम्मच्चीनं मारली तरी नाही." "आणि ते दुसरं?" "ते मी केलं." त्यानं वस्तरा पाण्याच्या तांब्यात ठेवला. अर्धा चेहरा पांढरा, अर्धा उघडा, असा तो आरशातच बघत राहिला. "अकरा दिवस मी तिथं गुडघ्यावर होतो, एली." "माहीत आहे." "तू येऊन उठवलं नाहीस मला." "नाही." "सांगितलं असतंस तर मी दुसऱ्या कुणाकडे गेलो असतो. संतांची काय कमी आहे आपल्याकडे." ती बोटांवरचे सुईचे जुने व्रण बघत बसली. शेजारच्या घरात न्याहारीच्या पुट्टूची वाफ शीळ घालत होती. शेवटी तो म्हणाला, "म्हणजे तिनं नाही म्हटलं नव्हतं." "नाही." "झोपली होती." "हो." मग त्याचा आवाज बदलला. "एकवीस वर्षं मी त्या बाईशी अबोला धरलाय. फाटकाशी मुद्दाम वाजवणं थांबवायचो, तिला कळावं म्हणून. आणि ती झोपलेली." तो रडत होता की हसत होता ते फेसामुळे नीट कळत नव्हतं. एलीनं टॉवेल पुढे केला, त्यानं घेतला, तोंडावर धरून ठेवला. टॉवेलाच्या आतूनच म्हणाला, "जा तू. उशीर होईल. मला सांगितलंस तेच त्यांना सांग. आणि मला काही विचारू नकोस आता, राग यायला मला अजून थोडा वेळ लागेल."

बिशपच्या घरातली ती खोली एलीनं कल्पिली होती त्याच्यापेक्षा लहान निघाली. एक लांब टेबल, त्यावर क्रूस आणि जाडजूड शुभवर्तमान, भिंतीला लोखंडी कपाटं. मधोमध वृद्ध फादर अंतप्पन, ज्यांना एका कानानं कमी ऐकू यायचं. त्यांच्या शेजारी प्रश्न विचारायला फादर सिरिल, सडपातळ, चाळिशीचे. कोपऱ्यात संगणकावर लिहून घ्यायला सिस्टर जोविटा. फादर सिरिलच्या अंगावरचा झगा एलीनंच शिवलेला होता, आणि त्याची डावी दुमड सुटली होती. शपथ घेताना तिचं लक्ष त्या लोंबत्या दोऱ्याकडेच होतं. सुरुवातीचे प्रश्न सोपे होते. जन्म, आईवडील, घर, शाळा. ती उत्तरं देत गेली, सिस्टर जोविटाची बोटं टकटक चालत राहिली. मग ते आलं. "देवाच्या सेविकेचे शेवटचे शब्द तुम्ही स्वतः ऐकले?" "ऐकले." "कृपा करून सांगा." एलीनं सांगितले. खरे. आणि पुढचं दारातलंही सांगितलं, अम्मच्चीच्या पायांच्या चिखलासकट. टकटक थांबली. फादर अंतप्पननी कानामागे हात धरला, "काय म्हणाल्या?" फादर सिरिलनी त्यांच्या कानाशी वाकून हळू आवाजात सगळं पुन्हा सांगितलं. म्हातारबुवा म्हणाले, "लिहा, सिस्टर. जसं सांगितलं तसं लिहा."

आता आपल्यावर ओरडतील असं तिला वाटलं होतं. कुणी ओरडलं नाही. फादर सिरिल फक्त थकल्यासारखे दिसले. आपल्यासारखेच, तिच्या मनात आलं. त्यांनी फाईल चाळली. "चार हजारांवर पत्रं आहेत आमच्याकडे. हाक मारली आणि सिस्टर आल्या, असं म्हणणारी. त्यांचं काय, असं तुम्हाला वाटतं?" "मला नाही माहीत, फादर." "तुम्ही स्वतः कधी हाक मारलीत त्यांना?" "नाही." "कधीच नाही?" "नाही. माझी मुलगी गेली तेव्हाही नाही. माझ्या नवऱ्यानं मारली, सगळ्या गल्लीनं मारली. मी नाही." "का?" "झोपू दे म्हणून. ती तसं म्हणाली होती ना." टकटक, टकटक. फादर सिरिलनी पेन खाली ठेवलं. पुढचं त्यांनी फाईलमधून विचारलं नाही, आपलं आपण विचारलं, सावकाश. "हे उठणार नाही म्हणणं, ते त्या त्याच दिवशी म्हणाल्या? की एरवीही म्हणायच्या?"

एलीला हसू आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "एरवी? अहो फादर, रोज म्हणायची. पहाटे अम्मच्ची गाईच्या धारेसाठी हाक मारायची. ही चादर डोक्यावर ओढून म्हणायची, मी मेले, मला उठवू नका. आणि अम्मच्चीची दुसरी हाक यायच्या आत हिचे पाय जमिनीवर. डोळे मिटलेलेच, पायानं चपला शोधतेय. कॉन्व्हेंटमध्येही तेच. मी एकदा तिच्याकडे राहिले होते, घंटा वाजली की म्हणायची, आता नाही गं मी जायची, मरू दे त्याला एकट्याला, आणि म्हणता म्हणता छत्री हातात. तिचं ते म्हणणं म्हणजे नुसतं..." "आणि उठायच्या?" फादर सिरिलनी विचारलं. "उठायची तर. नेहमी उठायची. न उठलेली मी तिला कधी..." इथं एलीला आपलं बोलणं ऐकू आलं.

तिनं कुंजन्नाला कधी न उठलेलं पाहिलंच नव्हतं. हे तिला ठाऊक होतं. सहा वर्षांची असल्यापासून ठाऊक होतं, त्याच खोलीत, त्याच चटईवर झोपून रोज पहाटे पाहिलेलं. तरी अडतीस वर्षं त्या एका दुपारच्या बोलण्याला ती अशी धरून बसली होती की जणू कुंजन्नानं ते पहिल्यांदाच म्हटलं असावं. का? मरताना म्हटलेलं खरंच असतं म्हणून? की स्वतः खोटं बोलल्याची भरपाई म्हणून, उपास धरावा तशी? लोनप्पननं हाक मारली ती खरी, गल्लीनं मारली ती खरी. पण चटईवर शेजारी झोपणारीची हाक कुंजन्नाला वेगळी ऐकू आली असती का, दुसरी हाक यायच्या आत तिचे पाय जमिनीवर आले असते का, हे आता कुणाला सांगता येणार होतं. आली असती तरी जिन्सी वाचली असती असंही नाही. एली एवढी भाबडी नव्हती. मरणाऱ्यांना वाचवणं हे कुंजन्नाचं काम कधी नव्हतंच. तिचं काम नुसतं शेजारी बसायचं, हात धरून. आणि जिन्सी गेली त्या पहाटे एली वॉर्डाच्या नळावर बाटली भरायला गेली होती. परत येईपर्यंत सगळं संपलं होतं. एली परकी कुणी असती तर तिनं कुणाला हाक मारून बोलावलं असतं त्या पलंगाजवळ? कालव्याकाठच्या कुठल्याही बाईला हे कळलं असतं. तिला तेवढी एक हाक मारणं जमलं नाही. काही दुखलं नाही, नुसतं सगळं जड झालं, जसं दिवसभर मशीन मारून उठताना होतं.

"पुरे करू या," फादर अंतप्पन म्हणाले. सगळं वाचून दाखवलं गेलं. ती मान हलवत गेली, तिच्याच तोंडचं तिला परक्याचं वाटलं. प्रत्येक पानावर सही हवी होती आणि पानं छापून यायला वेळ होता, म्हणून दोन्ही फादर चहाला उठले. जाताना फादर सिरिल तिच्या खुर्चीशी थांबले. "ह्यानं काम अडेल की नाही ते मला सांगता येत नाही," ते म्हणाले. "पण तुम्ही बरं केलंत." तिनं खाली वाकून त्यांच्या झग्याचा लोंबता दोरा दातांनी तोडला आणि म्हणाली, "संध्याकाळी पाठवून द्या, दोन टाके घालून देते." दार लागलं. सिस्टर जोविटा पलीकडच्या खोलीत छपाईच्या यंत्राशी खटपट करत होती. एली खुर्चीत तशीच बसून राहिली, हात मांडीवर, डोळे मिटून. हे कसं करतात ते तिला माहीत नव्हतं. मोठ्यानं म्हणायचं की मनात, गुडघे टेकायचे की नाही. लोक म्हणायचे, काही करावं लागत नाही.

"चेची," ती म्हणाली. "कुंजन्नाचेची, मी एली. उठू नकोस. पडल्या पडल्याच बघ. आमची जिन्सी तिथं कुठं आहे का. बारा वर्षांची, बोटं लांब आहेत, पांढरा फ्रॉक. तिला एकटीला झोप लागत नाही. तिला तुझ्या चादरीत घे, आणि झोपा दोघी."